मागच्या बाजूची नजर

पडदे अडकवताना मी स्टुलावरून पडले आणि डोक्याची मागची बाजू कपाटाच्या कडेवर आपटली. टेंगूळ आलं, चार दिवसांत उतरलंही. पण डावीकडच्या वस्तू गायब व्हायला लागल्या. खांदा दाराच्या चौकटीला, कंबर टेबलाला. ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच राहायची आणि वर मीच विचारायची, आज कोशिंबीर केलीच नाही का?

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान. घरातल्या कुठल्याही दुखण्यावर ह्यांचा इलाज एकच, नंबर तपासणं. सासूबाईंचे गुडघे दुखत होते तेव्हाही त्यांना आधी अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं होतं.

"नंबर बदललाय तुझा," हे म्हणाले. नवा चष्मा आला. तो घालून मी थेट डावीकडच्या कुंडीवर गेले. मग दुसरा आला, आणखी भारी काचांचा. तेव्हा कुंडी फुटली.

"फ्रेम सैल बसलीये, बाकी काही नाही." हार मानतील तर शपथ!

शेवटी नणंदेनं मला ओढतच दवाखान्यात नेलं. हेही आले, खिशात तिसरा चष्मा घेऊन.

डॉक्टरीणबाईंनी बोटं नाचवून दोन्ही डोळे तपासले, डोक्याचा स्कॅन काढून बघितला.

"डोळे ठणठणीत आहेत. पण डोळे नुसता निरोप धाडतात. त्याचं चित्र होतं ते इथं आत," असं म्हणून त्यांनी ह्यांच्याच डोक्यामागे, मानेच्या वरच्या उंचवट्यावर बोट टेकवलं. "ह्यातला उजवा भाग डावीकडचं बघतो. त्यालाच मार बसलाय."

"दादा, आता चष्मा मागून लावून बघ," नणंद म्हणाली.

मी हसले. हे हसले नाहीत. "परत दिसेल ना हिला?"

"थोडं सुधारेल कदाचित. सगळं येईल असं नाही सांगत. बाई, तुम्ही मान वळवून बघायची सवय लावून घ्या."

नणंद औषधं आणायला थांबली, आम्ही दोघं पुढे निघालो. नेमके हे माझ्या डावीकडून चालायला लागले. एवढं ऐकूनही! मला रागच आला. डॉक्टरीणबाई काय भिंतीशी बोलत होत्या? चार शब्द सुनवावेत म्हणून मी मान चांगली वळवली.

हे शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते. मला दिसत नाही ती बाजू शोधून माझा नवरा रडत होता.