साहेबांसाठी धरलेल्या खुर्च्या

जळगावच्या दाणा बाजारात जीवरामचं बियाण्याचं दुकान होतं, आणि सत्त्याण्णव साली खानदेशात कापसाचं बियाणं त्याच्याइतकं कुणी विकलं नाही. कंपनी खूश झाली. जळगाव आणि धुळे मिळून पाच दुकानदार निवडले आणि सांगितलं, बायकांना घेऊन या, सिंगापूरहून जहाजात बसवतो, तीन रात्री फिरवतो, खाणंपिणं सगळं आमचं.

नावांची टाईप केलेली यादी दुकानात आली तेव्हा जीवरामची बायको सुनंदाबाई गल्ल्यावर बसली होती. तिनं यादी वाचली. तिसऱ्या नावावर तिचं बोट थांबलं. अभिमन, शिंदखेडा.

एकवीस वर्षांपूर्वी याच अभिमनच्या घरचे चौदा लोक तिला बघायला नशिराबादला आले होते. वडिलांनी शेतातली वांगी भाजून भरीत केलं, खापरावरचे मांडे केले, लोक पोटभर जेवले. निघताना अभिमनच्या काकानं सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरगी पसंत. आठ दिवसांत निरोप पाठवतो." निरोप आला नाही. वडील महिनाभर हायवेवर जाऊन उभे राहत, धुळ्याकडून येणारी प्रत्येक एसटी बघत. मग कुणीतरी सांगितलं, अभिमनचा साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले. त्यानंतर जे स्थळ येई ते आधी विचारी, शिंदखेड्याच्यांनी का सोडली हो पोरगी? असं तीनदा झालं. गावातल्या बायका विहिरीवर तिच्या पायांकडे बघत, लंगडते की काय म्हणून. शेवटी जीवरामला दिली, तेव्हा त्याच्याकडे दुकान नव्हतं, हातगाडी होती. एक स्थळ मोडलेलं आहे एवढं जीवरामला सांगितलं होतं. कुणाचं, ते त्यानंही कधी विचारलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर अभिमन दिसला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, कोट नवा. त्यानं हात जोडले, "नमस्कार वहिनी." डोळ्यांत ओळखीचं काहीच नव्हतं. त्याची बायको प्रमिलाबाई मागे उभी होती, बुटकी, हसऱ्या तोंडाची. तिनं लगेच सुनंदाबाईच्या हातातली पिशवी घेतली. "द्या अक्का, मी धरते."

जहाज म्हणजे पाण्यावर उभं केलेलं गाव होतं. जेवणाची सोय दोन तऱ्हेची. खालच्या मजल्यावर एक मोठा हॉल, झुंबरांचा, पाचसहाशे माणसं एका वेळी बसतील असा. तिथलं जेवण तिकिटातच धरलेलं. वर, आठव्या मजल्यावर, दोन छोटी हॉटेलं, चिनी आणि इटालियन. तिथं वेगळे पैसे, आधी नाव नोंदवायचं, आणि हातात कूपन असल्याशिवाय दारातला माणूस आत सोडत नसे. आपल्या मंडळींनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की आपल्याला खालचा हॉल बरा. वनाभाऊ चोपड्याचा दुकानदार, तो म्हणाला, "वर वेगळे पैसे देऊन नूडल्याच खायच्या, तर इथं फुकट गाजरं काय वाईट?"

पहिल्या संध्याकाळी दहाही जण एका गोल टेबलाभोवती बसले. वेटर सूप ठेवून गेला. वनाभाऊची बायको तानुबाई पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून टेबलाखालून एकेकाच्या मांडीवर देऊ लागली. हसणं-खिदळणं चाललं होतं. तानुबाईनं सहज विचारलं, "सुनंदाबाई, तुमचं माहेर कोणतं?"

"नशिराबाद."

अभिमननं चमचा खाली ठेवला. "नशिराबाद? अहो, मी एकदा तिथं पोरगी बघायला गेलो होतो!"

"मग?" जीवराम हसत म्हणाला.

"मग काय? इकडच्या घराण्याचं जमलं." त्यानं प्रमिलाबाईकडे मान केली. रंगात आला की तो घरच्या बोलीवर यायचा. "पोर कशी व्हती ते काही याद नही भो. पन भरीत! भरीत अजून याद शे. तसं भरीत पुन्हा नही खाद्धं."

सगळे हसले. जीवरामच्या डोळ्यांत तर पाणी आलं हसून. प्रमिलाबाई लाजून म्हणाली, "पुरे करा आता." सुनंदाबाईही हसली. सूप गार होईपर्यंत तिनं चमचा तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी समुद्र हलू लागला आणि सुनंदाबाईला बोट लागली. सकाळपासून ओकाऱ्या. जीवराम वर पत्ते खेळायला गेला, "पडून राहा, बरं वाटेल," म्हणाला. प्रमिलाबाईनं हे ऐकलं आणि ती येऊन बसली ती संध्याकाळपर्यंत. तिनं केस मागे धरले, बादली धुतली, आवळकाठी तोंडात दिली, खालच्या हॉलमधून खाणाखुणा करून भात मागून आणला आणि त्यात मीठ-लिंबू कालवून घास घास भरवला.

"तुम्ही जा, जहाज बघा. तुमचाही दिवस वाया चाललाय," सुनंदाबाई म्हणाली.

"मी आठेच शे, अक्का. पाणी ते बठ्ठीकडे सारखंच." ती जागची हलली नाही. मग थोड्या वेळानं, पाय चेपता चेपता, ती बोलू लागली. धुळे जिल्ह्याचं मुख्य वितरक कुणाला करायचं ते कंपनीचे मोठे साहेब याच फेरीत ठरवणार होते. अभिमनला मिळालं तर बरं होईल. दोन वर्षं दुकान जेमतेम चाललं होतं. त्यानं या सहलीसाठी कोट शिवला होता, घरात आरशासमोर साहेबांशी हिंदीत बोलायची तालीम केली होती. "हसू येतं हो, अक्का. 'सर, हमको एक मौका दीजिए' म्हणत फिरतात अंगणात."

सुनंदाबाईनं डोळे मिटून घेतले. पायावर त्या बाईचा हात ऊबदार लागत होता. आपण हिच्याजागी असतो, हे तिच्या मनात आलं, आणि मग दुसरं आलं, की ही आपल्याजागी कधीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचे मॅनेजर सबनीस जीवरामकडे आले. मोठे साहेब त्या संध्याकाळी वरच्या चिनी हॉटेलात जेवण देणार होते. टेबल आठ जणांचं. साहेब, सबनीस आणि तीन जोडपी.

"तुम्ही, वनाभाऊ आणि अभिमनराव," सबनीस म्हणाले. "धुळ्याचं आज ठरवायचं आहे, त्यामुळे अभिमनराव पाहिजेतच. बरोबर साडेसात. साहेबांना वेळेचं फार आहे."

सहा कूपनं त्यांनी जीवरामच्या हातात दिली. जीवरामनं ती सुनंदाबाईच्या हातात दिली. "वनाला आणि अभिमनला पोचव. माझा डाव अर्धा राहिलाय."

तानुबाईला तिनं लगेच दोन कूपनं दिली. अभिमनची दोन आपल्या दोनांबरोबर पर्समध्ये तशीच ठेवली, आणि सात वाजता, नटूनथटून, ती प्रमिलाबाईच्या खोलीपाशी गेली. अभिमन कोट घालून तयारच होता. शेवटची रात्र म्हणून प्रमिलाबाईनं लग्नातला शालू नेसला होता.

"आज खालीच जायचं ना जेवायला?" प्रमिलाबाईनं विचारलं.

"तुम्ही खालीच बसा," सुनंदाबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं. "मोठे साहेब तुमच्याकडेच येणार आहेत. वर थोडा वेळ बसतील आणि मग खाली येतील, तुमच्याशी निवांत बोलायला. त्यांच्यासाठी आणि सबनीसांसाठी दोन खुर्च्या धरून ठेवा. आणि साहेब येईपर्यंत खाऊ नका, बरं दिसत नाही."

अभिमननं तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "वहिनी, हे तुम्ही... जीवरामभाऊंनी शब्द टाकला वाटतं?"

"टाकला ना."

तो वाकला आणि तिच्या पायांना हात लावायला गेला. ती दोन पावलं मागे सरली.

वर चिनी हॉटेलात लाल कंदील होते, टेबलाच्या मध्ये फिरणारी काचेची थाळी होती. मोठ्या साहेबांनी बसल्या बसल्या घड्याळ पाहिलं. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, समोर ताटल्या मांडलेल्या.

"धुलिया का आदमी किधर है?"

सबनीस जीवरामकडे बघू लागले. जीवराम बायकोकडे.

"मी कूपनं द्यायला गेले होते," सुनंदाबाई म्हणाली. "ते म्हणाले, आम्हाला हे वरचं खाणं सोसत नाही. आम्ही खालच्या हॉलमध्येच बसतो. साहेबांना सांगा."

सबनीसांनी हे हिंदीत सांगितलं, आणि सांगताना थोडं मऊ करायचा प्रयत्न केला, पण व्हायचं ते झालं. साहेबांनी रुमाल मांडीवर पसरला. "अच्छा. हमारे साथ खाना नहीं पचता." ते एकदा हसले. "जिसको ऊपर आना ही नहीं, उसको ऊपर लाके क्या करेंगे?"

जीवराम सुनंदाबाईकडे बघत राहिला. तो एकोणीस-वीस वर्षं तिच्याबरोबर राहिला होता. ती खोटं बोलते आहे हे त्याला कळलं. का, ते कळलं नाही. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "जीवराम, धुलिया भी तुम ही क्यों नहीं संभालते?" आणि जीवरामनं उघडलेल्या तोंडानं म्हटलं, "जैसा आप बोलो, सर." फिरणाऱ्या थाळीवरून भाताचं भांडं त्याच्यासमोर आलं, त्यानं वाढून घेतलं.

सुनंदाबाई त्या दिवशी पोटभर जेवली. आदल्या दिवसाची भूक होती.

साडेनऊला सगळे उठले. बाकीचे डेकवर गेले, ती जिना उतरून खाली आली. तिला बघायचंच होतं. हॉल जवळजवळ रिकामा झाला होता, वेटर टेबलांवरची कापडं गोळा करत होते. मधल्या एका गोल टेबलाशी दोघं बसले होते. शेजारच्या दोन खुर्च्यांवर एकीवर अभिमनचा रुमाल, दुसरीवर प्रमिलाबाईची पर्स. ताटल्या कोरड्या. एक वेटर बाजूला उभा राहून त्यांना काहीतरी सांगत होता, हातानं घड्याळ दाखवत होता, आणि अभिमन दोन्ही हात जोडून त्याला थांबवत होता. "टू मिनिट. बिग साहेब कमिंग. टू मिनिट."

तिला पाहून तो खडबडून उठला. कोटाची गुंडी लावली. तिच्या खांद्यावरून मागे जिन्याकडे पाहिलं.

"आले का?"

"साहेब दमले होते. खोलीत गेले," सुनंदाबाई म्हणाली. "धुळ्याचं आमच्याकडे दिलं त्यांनी."

अभिमन उभाच राहिला. मग खाली बसला, मग पुन्हा उठला, कारण वेटर त्याच्यासमोरची ताटली उचलत होता आणि त्याला वाटलं आपण आड येतोय. "बरं झालं," तो म्हणाला. "घरातच राहिलं म्हणायचं. जीवरामभाऊ काय परके आहेत?" प्रमिलाबाईनं खुर्चीवरून पर्स उचलली.

परतीच्या विमानात तानुबाई प्रमिलाबाईच्या शेजारी बसली होती. वाटेत तानुबाई मान वळवून तिला काहीतरी सांगत होती आणि प्रमिलाबाई खिडकीबाहेर बघत ऐकत होती, हे सुनंदाबाईनं मागच्या रांगेतून पाहिलं.

जूनमध्ये अभिमन माल न्यायला जळगावला आला. आता कंपनी थेट त्याला माल देत नव्हती, जीवरामकडूनच घ्यावा लागे, जीवराम देईल तेव्हा आणि देईल तेवढा. प्रमिलाबाई बरोबर होती. अभिमन खाली गोदामात थांबला आणि ती जिना चढून वर घरात आली. सुनंदाबाईनं चहा ठेवला.

"तानुबाईनं सांगितलं मला," प्रमिलाबाई म्हणाली. "वर आमच्या नावाच्या दोन ताटल्या मांडल्या होत्या म्हणे. आणि आम्हीच म्हणे खालचं मागितलं."

सुनंदाबाई गाळणं हातात घेऊन उभी राहिली. "अभिमनरावांना माहीत आहे?"

"नाही. कळलं असतं तर हे तिथंच भांडले असते, आणि तुमच्याकडून मिळतो तोही माल गेला असता. त्यांना वाटतं, आपलं हिंदी कमी पडलं. वाटू दे." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी भांडायला नाही आले, अक्का. एकच विचारते. मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

एकवीस वर्षं सुनंदाबाईकडे याचं उत्तर होतं. चौदा माणसं, महिनाभराच्या एसट्या, विहिरीवरच्या बायका. पण ते सगळं त्या खाली उभ्या असलेल्या माणसासाठी राखलेलं होतं, आणि विचारत होती ही.

"तुम्ही काहीच नाही केलं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. चहा घ्या."

प्रमिलाबाईनं कप हातात घेतला, तसाच ओट्यावर ठेवला आणि जिना उतरून गेली.

सुनंदाबाई गॅलरीत आली. खाली जीवराम गोदामाच्या दारात उभा होता, हातात मालाची चलनं. जहाजावर तो त्याला तोंडावर 'अभिमनराव' म्हणायचा.

"ए अभिमन, हमाल काय तुझ्या बापाचे आहेत का? उचल, हात लाव. टेम्पो किती वेळ अडवणार?"

"हो शेठ," अभिमन म्हणाला.

त्यानं बाह्या दुमडल्या आणि पोत्याला खांदा दिला. हमाल बाजूला सरून हसत बघत होते. प्रमिलाबाई टेम्पोपाशी जाऊन उभी राहिली, जिन्याकडे पाठ करून. सुनंदाबाईला वाटलं आत जावं. कपातला चहा गार होत होता, कणीक मळायची होती. तिनं कठड्याला दोन्ही हात टेकले आणि शेवटचं पोतं चढेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.