सोमवारचा डोस

"औषध सोमवारी देऊ," यल्लाप्पा म्हणाला, तेव्हा राहीबाईंनी नातीला जवळ ओढलं. शनिवारी पहाटेच्या एस.टी.नं त्या कुंडलहून मिरजेच्या दवाखान्यात आल्या होत्या. सात वर्षांच्या हौसाचं पोट टम्म फुगलं होतं. काल तिच्या उलटीतून वीतभर लांब जंत पडला होता.

"आवं, आजच द्या की. पोट लय दुखतंय तिचं."

"दोन दिसांनी काय होत न्हाई, मावशी."

राहीबाई मान हलवून निघाल्या. डॉक्टरांची चिठ्ठी यल्लाप्पाच्या हातात होती. त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तो अठरा वर्षं शिपाई होता. जंताचं औषध पाजायचं आणि पडलेले जंत कोमट मिठाच्या पाण्यात घालून घाटगेबाईंना द्यायचे, हे त्याचं काम.

घाटगेबाई जंताच्या कातडीवर संशोधन करत. त्यांनी एकदा त्याला समजावलं होतं, "आपल्या आतड्यातले रस मांस पचवतात, पण या किड्याला काही होत नाही. त्याची कातडी त्याला वाचवते. ती कातडी बनवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याच्या अंगात असतात. फक्त तीच बंद पाडणारं औषध सापडलं, तर किडा उघडा पडेल, माणसाला धक्का लागणार नाही." आपण त्या औषधाला हातभार लावतो, याचा यल्लाप्पाला अभिमान होता.

बाई पुण्याला गेल्या होत्या, सोमवारी येणार होत्या. शिळ्या जंतांतून त्यांना काही मिळत नसे, आणि तीन आठवडे चांगला नमुना आला नव्हता.

रविवारी रात्री उशिरा हौसाला उचलून आणलं. जंतांचा गोळा होऊन आतडं बंद झालं होतं. पहाटे ऑपरेशन झालं, वीतभर काळं पडलेलं आतडं कापावं लागलं. सर्जननी एनॅमलच्या ट्रेमधून जंत प्रयोगशाळेत पाठवले. यल्लाप्पानं मोजले. त्रेसष्ट होते, सगळे वळवळत.

सोमवारी सकाळी घाटगेबाई ट्रे पाहून खुलल्या. "इतके ताजे कुठून मिळाले?"

त्यानं सगळं सांगितलं. बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"पेशंटला थांबव, असं मी कधी म्हटलं होतं?"

"न्हाई, बाई."

त्यांनी ट्रेवर झाकण ठेवलं आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या. तेच त्याला जड गेलं. ओरडल्या असत्या, तर थोडा भार उतरला असता.

तो वॉर्डात गेला. हौसा झोपली होती, नाकात नळी होती. राहीबाई त्याला पाहून उठल्या.

"तुमच्यामुळं हितली वाट ठावी हुती, दादा. न्हाईतर पोरीला घेऊन कुटं फिरलो असतो. लय उपकार झालं."

 यल्लाप्पा खाटेजवळ फरशीवर बसला.

"मावशी, औषध शनिवारीच द्यायचं हुतं. चिठ्ठी माझ्या हातात हुती. बाईंना जंत ताजं मिळावं म्हनून मी थांबिवलं. कुनी सांगितलं नव्हतं."

 राहीबाईंनी पदर सारखा केला.

"मला कशाला सांगतायसा? पोट तिचं फाडलंय. ती जागी झाली की तिला सांगा."

तो तिथंच बसून राहिला. भेटीची वेळ संपली, लोक गेले. त्याला कुणी जा म्हणालं नाही. दिवस कलताना हौसानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. ऑपरेशननंतर अजून पाणी द्यायचं नव्हतं. त्यानं कापूस ओला करून तिच्या ओठांना लावला आणि हळू आवाजात तिला सांगायला सुरुवात केली.