थांबायला शिकवणारी

भाचीला, एस्तेरला, लग्नाआधीच दिवस गेलेत हे घरात कळलं, तेव्हा नम्रता आपल्या वडिलांकडेच बघत राहिली. आता पप्पा घर डोक्यावर घेणार, असं तिला वाटलं. शमुवेल पप्पा चर्चचे जुने पंच. लग्नाआधी अंगाला अंग लागणं म्हणजे पाप, यावर उभ्या जन्मात ते कधी कोणापुढे नमले नव्हते.

पण त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको गो बाय. ऋत्विकशी लग्न ठरलंच आहे ना? मग लवकर उरकू. देवाला माणसाचं मन कळतं."

नम्रताचा भाऊ नि वहिनी सुटल्यासारखे रडू लागले. नम्रताला मात्र हातातला कप खाली ठेवायचंही सुचेना.

वीसेक वर्षांपूर्वी याच घरात विनीत जेवायला आला होता. लोट्याला केमिकल कंपनीत होता, नम्रताशी त्याची मागणी होऊन अंगठीही घातली होती. पप्पांनी लग्नाआधीच्या पापाचा हाच विषय काढला. हो ला हो करून विनीतला सुटता आलं असतं, पण त्याच्या ओठात एक आणि पोटात एक नसायचं.

"आम्ही पायरी सोडलेली नाही, पप्पा," तो म्हणाला. "पण आम्ही देवासमोर एकमेकांना शब्द दिलाय. माझ्या लेखी लग्न तिथंच झालं. त्यानंतर दोघं जवळ आली म्हणून देव तोंड फिरवील, असं मला नाही वाटत."

दुसऱ्या दिवशी पप्पांनी अंगठी परत पाठवली. ज्याला पाप हे पाप वाटत नाही, त्याच्या घरी मुलगी देणार नाही, म्हणाले. विनीत रविवारी चर्चबाहेर थांबला. "तू काय म्हणतेस?" त्यानं नम्रताला विचारलं.

"पप्पा बरोबर आहेत," ती म्हणाली. भीतीनं नव्हे, तिला खरंच तसं वाटत होतं.

विनीतनं मिरजेची मुलगी केली. रत्नागिरीत आपली ख्रिस्ती घरं ती किती? एकदोन स्थळं आली, जुळली नाहीत. मग आईनं अंथरूण धरलं. आई गेली तोवर नम्रताला कोणी विचारेनासं झालं होतं. चर्चमध्ये ती मुलींचा रविवारचा वर्ग घ्यायची. थांबा, देव थांबणाऱ्याचं भलं करतो, असं शिकवायची. एस्तेरही त्याच वर्गातली.

एस्तेरच्या लग्नाची तारीख ठरली त्या दुपारी पप्पा पडवीत एकटेच बसले होते. नम्रता समोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, विनीतला का नाही सांगितलंत, देवाला मन कळतं म्हणून?"

पप्पांनी चष्मा काढला. "तेव्हा मला तसंच वाटायचं गो, नमू."

"आणि आता?"

"आता पोरीचे हाल बघवत नाहीत. म्हातारा झालो."

"मग देवाचं खरं कुठलं? तेव्हाचं की आताचं?"

"मला नको विचारू," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून चष्मा पुसत बसले.

लग्नाच्या आदल्या दिवशी एस्तेर तिच्या गळ्यात पडली. "आत्या, तू शिकवलंस ते खोटं होतं असं नाही म्हणत मी. थांबणारे थांबोत. पण तू कधी प्रेमाबद्दल बोललीच नाहीस, नुसती भीती घातलीस."

नम्रतानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला तरी प्रेमाचं काय ठाऊक होतं, हे तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

लग्न छान झालं. पुढच्या रविवारी नम्रता वर्गात गेली. मुली बायबल उघडून बसल्या होत्या. ती बोलायला उभी राहिली, पण ‘थांबा’ हे तिला म्हणवेना. पाळकसाहेबांकडे जाऊन तिनं वर्ग दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगितलं. "बरं नाही का?" त्यांनी विचारलं. "बरी आहे," म्हणून ती निघाली.

घरी येऊन ती प्रार्थनेला गुडघ्यांवर बसली. काय मागायचं तेच तिला आठवेना. स्वयंपाकाची वेळ झाली, तशी ती उठली आणि तांदूळ निवडायला बसली.