गोधडीतला बर्फ

मित्रांनो, मी जोगेश्वरीच्या एका चाळीतली जुनी गोधडी. माझ्या पोटात दोन लुगडी आणि एक धोतर आहे. विमलाबाईंनी निवांत दुपारी धावदोरा घालून मला शिवलं. थंडीत त्यांच्या मुली, जयंती आणि क्षमा, माझ्यासाठी भांडायच्या. "काय उबदार गोधडी आहे!" हे ऐकून ऐकून मी शेफारले. मला वाटायचं, माझ्या पोटात एक लहानशी शेगडीच आहे.

या समजाला खतपाणी घातलं सुगंधाआत्यांनी. विमलाबाईंच्या या थोरल्या नणंदबाई मालवणहून येऊन इथेच राहिलेल्या. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू एकतर उष्ण, नाहीतर थंड. पपई उष्ण, काकडी थंड. गूळ उष्ण, गोणपाट थंड. आणि मी तर उष्णांत उष्ण! मे महिन्यात मला नुसतं पाहूनच त्यांना घाम फुटायचा.

साल त्र्याऐंशीचं. मे महिन्यातल्या एका रविवारी जयंतीला पाहायला मुलुंडहून मंडळी येणार होती. मुलाचे वडील मोठे चिकित्सक. मागच्या एका घरी कोमट सरबत मिळालं म्हणून ते तोंड वाकडं करून उठले होते. तेव्हा कोकम सरबत थंडगार हवंच. दुपारी बर्फ संपतो म्हणून विमलाबाईंनी सकाळीच लादी आणवली. पण बर्फवाल्याने आपलं गोणपाट काढून घेतलं आणि लादी उघडीच हातात दिली.

नववीतल्या क्षमाने मला पलंगावरून ओढलं. "आई, हिच्यात गुंडाळू या."

"अगो, तुका येड लागला काय?" आत्या ओरडल्या. "गोधडी उष्ण आसा! बर्फाचा पाणी होतला!"

"आत्या, गोधडी स्वतः गरम नसते गं. ती बाहेरची गरमी आत जाऊ देत नाही, एवढंच."

"मगे थंडीत गरम कशी लागता?"

"ती आपल्याच अंगाची गरमी. ती बाहेर जाऊ देत नाही ना!"

मित्रांनो, मला हे मुळीच आवडलं नाही. म्हणजे माझं स्वतःचं काहीच नाही? पण रुसायलाही सवड मिळाली नाही. आत्या म्हणाल्या, "पाणी झाला तर उद्या ही गोधडी बोहारणीक!"

एखाद्या पातेल्याच्या बदल्यात मी जाणार! माझा टाका न् टाका थरथरला.

लादीचे दोन तुकडे झाले. एक प्लॅस्टिकमध्ये बांधून माझ्या पोटात. दुसरा आत्यांनी परातीत ठेवला आणि त्याच्यावर टेबलफॅन सोडला, "वाऱ्यान गार ऱ्हवतलो" म्हणत. पंख्याने आपला घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटतं, हे क्षमाने सांगून पाहिलं. ऐकतंय कोण?

मी पोटातली शेगडी विझवायला लागले. चाचपून पाहिलं तर शेगडी कुठेच नव्हती. होती ती फक्त माझ्या थरांत अडकलेली हवा. खोलीतली उष्णता गार बर्फाकडे धाव घेत होती आणि त्या हवेत अडखळत होती. तिकडे परातीत मात्र पंखा खोलीतली गरम हवा बर्फावर वाढतच होता, पंगतीत आग्रह करावा तशी.

मंडळी आली, तीही उशिरा. परातीत नुसतं पाणी. विमलाबाईंचा चेहरा उतरला. "आई, वाट लागली नाही अजून," म्हणत क्षमाने मला उलगडलं. आत बर्फ होता! कोपरे झिजलेले, पण चांगला खणखणीत. मुलाच्या वडिलांनी सरबत पुन्हा मागून घेतलं. सोयरीक जुळली. श्रेय माझंच, थोडंफार जयंतीचंही असेल.

दुसऱ्या दिवशी बोहारीण आली. आत्यांनी तिला आपलं जुनं पातळ दिलं, मला नाही. पण हार मानतील तर त्या आत्या कसल्या! त्यांनी मला थंड ठरवलं. सर्दी होईल म्हणून मला अंगावर घेईनात.

पौषात मात्र त्या कुडकुडू लागल्या, तेव्हा क्षमाने मला गुपचूप त्यांच्यावर टाकलं. सकाळी त्या मला सोडेचनात. "काय गरम आसा गो ही!" म्हणाल्या.

मित्रांनो, घरातल्या जुन्या गोधडीला अधूनमधून ऊन दाखवा, तिला ट्रंकेत कोंबू नका. चेपली की तिच्यातली हवा जाते आणि मग ती कशाचीच राखण करू शकत नाही. त्या सकाळी मला आत्यांना सांगायचं होतं, ही ऊब तुमचीच आहे. माझी नव्हती, तरी रात्रभर मी ती माझीच समजून सांभाळली.