माश्या वारायचा पंखा

बेटावरच्या इतर घरांसारख्या लोसाच्या घरालाही भिंती नाहीत, नुसते खांब. समुद्राकडच्या खांबाला माडाच्या पातीचा एक जुना पंखा अडकवलेला असतो. त्याच्या कडा केव्हाच विरल्या, पण लोसा तो कुणाला हलवू देत नाही. संध्याकाळी गावात शंख फुंकला की घरोघरी माणसं प्रार्थनेला बसतात. डोळे मिटण्याआधी लोसाची नजर त्या पंख्याकडे जाते, आणि देवापुढे घ्यायच्या नावांत दूरदेशीचं एक नाव आपसूक येतं. आइनोचं.

आइनो फिनलंडहून आली होती. वर्षभर इथल्या शाळेत शिकायचं आणि लोसाच्या घरी लेकीसारखं राहायचं, असं ठरलं होतं. लोसाने ती यायच्या आधीपासून रोज पहाटे तिच्यासाठी प्रार्थना केली. परक्याचं लेकरू देव आपल्या ओटीत घालतोय, त्याला काही उणं पडू नये, एवढंच मागणं.

आणि तिने उणं पडूही दिलं नाही. प्रार्थना झाली की आइनोसाठी सगळ्यात चांगली चटई अंथरली जायची. घरधनी सामुएलु आणि पाहुणी, दोघांनाच आधी वाढायचं. लोसा आणि तिची मुलगी लुपे बाजूला बसून माश्या वारायच्या. त्या दोघांचं उरकलं की मग यांची जेवणं. बापजाद्यांपासूनची रीत.

पण पोरीच्या घशाखाली घास उतरेना. ती इकडेतिकडे बघायची, दोन घास चिवडायची आणि ताट सारायची. लोसाला वाटलं, हिला आपलं अन्न रुचत नाही. तिने अळूची पानं दाट नारळाच्या दुधात शिजवली. कोंबडी कापली. सणासाठी ठेवलेला मांसाचा डबा फोडला. ताट भरत गेलं आणि आइनो सुकत गेली. भांड्यांना हात लावायला आली, तर लोसा मायेने म्हणायची, "राहू दे गं बाई, तू बस."

एका रविवारी चर्चमधून निघताना शाळेच्या तिएसाबाईंनी लोसाला बाजूला घेतलं. आइनोला दुसरं घर हवंय म्हणाल्या. येत्या शनिवारी गाडी घेऊन येते.

  घरी चुलीपाशी लोसाला गुपचूप डोळे पुसताना लुपेने पाहिलं.

"आई, रडतेस कशाला? तूच तर तिला घालवलंस."

"मी? स्वतःच्या तोंडचा घास काढून तिला दिला मी."

"हो ना. आणि मग सगळ्यांनी मिळून तिच्या तोंडाकडे बघत बसायचं. परवा मला विचारत होती, माझ्याबरोबर कुणी जेवत का नाही, माझं काही चुकलं का." लुपे ताडकन उठली. "मला उठल्यापासून ओरडतेस. तिला एकदा तरी ओरडलीस?"

लोसाने हे देवापुढे ठेवलं. उत्तर काय ते तिला ठाऊकच होतं. धीर तेवढा मागितला. पाहुणीला काम सांगायचं म्हणजे गाव काय म्हणेल?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थना संपली. आइनो सवयीने चटईवर बसायला निघाली, तशी लोसाने खांबाचा पंखा काढून तिच्या हातात दिला.

"तिथे कुठे? बाबांच्या ताटावर माश्या बसतायत, दिसत नाही? वार."

सामुएलुने चमकून बायकोकडे पाहिलं. लोसाने मान वर केली नाही. आइनो पंखा घेऊन बाबांपुढून ताठ चालत निघाली.

"वाकून जा गं! मोठ्यांपुढून असं जातात?"

पोर वाकली. इतकी वाकली की लुपेला हसू फुटलं, आणि तिला पाहून आइनोलाही. सामुएलुचं जेवण होईपर्यंत तिने हात थांबवला नाही. मग चुलीपाशी, एकाच पातेल्याभोवती बसून, तिघींनी उरलेले अळूचे कंद हातांनी खाल्ले. आइनोने करपलेली खरवडसुद्धा सोडली नाही.

शनिवारी तिएसाबाई आल्या, तेव्हा आइनो नारळ खवत बसली होती. कोपरापर्यंत पांढरी. बाईंनी सामान कुठंय विचारलं. लोसा खांबाला धरून उभी राहिली.

आइनोने हात धुतले, सगळ्यात चांगली चटई अंथरली.

"बाई, आधी जेवून घ्या," ती म्हणाली. मग चुलीकडे तोंड करून हाक मारली, "आई, वाढतेस ना?"

आणि पंखा घेऊन ती बाईंच्या बाजूला खाली बसली. तिएसाबाईंनी त्या पंख्याकडे पाहिलं आणि सामानाचं पुन्हा विचारलं नाही.

आइनोला परत जाऊन आता खूप वर्षं झाली. लुपेही सासरी गेली. संध्याकाळी शंख वाजतो, प्रार्थना होते, सामुएलु जेवायला बसतो, आणि लोसा स्वतःच खांबाचा पंखा काढून घेते. कधी सवयीने म्हणून जाते, "वाकून जा गं."

सामुएलु आपल्या ताटातला एक कंद हलकेच तिच्याकडे सरकवतो.