सेवा सुनेची, नाव मुलाचं

पेन्शन कचेरीचं पत्र आलं तेव्हा नीता सासऱ्यांच्या पलंगावरची चादर बदलत होती. हात धुऊन तिने पाकीट फोडलं. नोकरीची वीस वर्षं ओळीने छापलेली होती आणि त्याखाली जागा रिकामी. सप्टेंबर २०२१पासून आपली कसलीच नोंद आमच्याकडे नाही, तरी या काळात आपण काय करत होता ते कळवावं, असं अत्यंत सभ्य भाषेत विचारलं होतं.

काय करत होते! नीताला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की ते पत्र फाडून टाकावंसं वाटलं. पण जर्मनीत कागद फाडायची सोय नाही, तो फाइललाच लावावा लागतो.

तिचे सासरे राजाभाऊ एक्क्याऐंशीचे. तरुणपणी सांगलीहून जर्मनीत नेकारसुल्म गावच्या गाड्यांच्या कारखान्यात आले आणि तिथेच माइस्टर, म्हणजे फोरमन, होऊन निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला, डावी बाजू लुळी पडली. मुलगा दत्ता इंजिनिअर, आठवड्याला चाळीस तास नोकरी. सून नीता एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायची. नोकरी कुणी सोडायची याची घरात चर्चाच झाली नाही. चर्चा न होता जे ठरतं ते बहुधा बाईच्या वाट्याला येतं, तसं ते आलं.

आता कायदा म्हणाल, तर तो अगदीच आंधळा नाही. घरच्या माणसाची सेवा करणाऱ्याच्या पेन्शन खात्यात फ्लेगेकासे, म्हणजे सेवेचा विमा, हप्ते भरते. मात्र सेवा करणाऱ्याचं नाव त्यांच्या कागदावर हवं आणि त्याची बाहेरची नोकरी आठवड्याला तीस तासांच्या वर नको. हप्ते तरी काय असायचे! वर्षभर उठवा-बसवा, न्हाऊ-माखू घाला, तेव्हा म्हातारपणी महिन्याला चार कॉफीचे पैसे वाढतात. कारखान्यात माणूस यंत्राजवळ उभा राहिला तर त्याचं मोल जास्त, माणसाजवळ उभा राहिला तर कमी. तरीही काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

नीताने फ्लेगेकासेला फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकवल्यावर तिकडच्या बाईने सांगितलं की राजाभाऊंची सेवा करणारी व्यक्ती म्हणून त्यांच्याकडे दत्ताचं नाव आहे. दत्ताची नोकरी चाळीस तासांची, त्यामुळे त्याला हप्ते लागू नाहीत. नीता नावाचं कुणी त्या कागदांत नव्हतंच.

तिला चार वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला. विम्याच्या तपासनीस बाई घरी येणार होत्या. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण करतो तेच तिने केलं. घर लख्ख आवरलं, बाबांची दाढी करून त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, चिवडा केला. बाई बाहेरच्या खोलीत प्रश्न विचारत होत्या, दत्ता उत्तरं देत फॉर्म भरत होता, आणि नीता चहाचा ट्रे घेऊन आत-बाहेर करत होती. जिच्याबद्दल सगळं विचारायचं होतं, तीच चिवडा वाढत होती.

संध्याकाळी दत्ता घरी आल्यावर तिने पत्र त्याच्यासमोर ठेवलं. तो मनाने वाईट नाही. पण आईवडिलांना मुलाने सांभाळायचं हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं, की सेवेच्या फॉर्मवर दुसरं नाव येऊ शकतं हे त्याला सुचलंच नव्हतं. आल्झो, म्हणजे हे बघ, यात एवढं चिडण्यासारखं काय आहे, असं तो म्हणाला. नाव कुणाचं का असेना, घर तर एकच आहे.

"आणि तुला पेन्शनची काय काळजी?" तो म्हणाला. "माझं आहे ना."

"तुझं आहे म्हणजे तुझं आहे, दत्ता," नीता म्हणाली. "मला कुणी विचारलं की चार वर्षं काय केलंस, तर मी काय दाखवू? चहाचा ट्रे?"

दत्ताने बायकोला समजावण्यासाठी तोंड उघडलं, तोच आतून राजाभाऊंनी दोघांना हाक मारली. भिंती पातळ होत्या आणि म्हाताऱ्याचे कान शाबूत होते. दोघं जाऊन पलंगाजवळ उभी राहिली.

राजाभाऊंनी सांगितलं की चूक एकट्या दत्ताची नाही. तपासनीस बाईने त्यांनाच विचारलं होतं, तुम्हाला अंघोळ कोण घालतं? सून घालते हे परक्या बाईसमोर सांगायची त्यांना लाज वाटली. सासरा सुनेसमोर कधी नुसत्या बनियनवर बसला नव्हता, तो हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी सांगून टाकलं, मुलगा घालतो. दत्ता शेजारीच होता, त्यानेही मान डोलावली.

"दत्ता, माझं पेन्शन दर महिन्याला का येतं?" त्यांनी विचारलं. "माझ्या एकेका पाळीची कुणीतरी नोंद ठेवली म्हणून. मी माइस्टर असताना एकाने दुसऱ्याच्या पाळीवर आपलं हजेरीचं कार्ड लावलं होतं. मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला. त्याला चोर म्हणालो. आज या घरात तो चोर कोण आहे, सांग."

अंघोळ घालताना बाबांचे आधी हात धुवायचे की पाय, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, हे दत्ताच्या ध्यानात आलं. तो नीताला म्हणाला, "चुकलो मी." आणि रात्रीचं जेवण बाजूला ठेवून त्याने नवा फॉर्म काढला. खाली सही राजाभाऊंनी केली.

पण एका सहीने चार वर्षं थोडीच परत येतात! तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नीताचं नाव यापुढे नोंदवलं जाईल. मागच्या काळाबद्दल मात्र जुनी कागदपत्रं वेगळं सांगतात, तेव्हा पुरावा द्यावा. नीता पुन्हा भडकली. पहाटे उठून कूस बदलल्याची पावती कुठे मिळते? भरवलेल्या घासाला शिक्का कोण मारतं?

त्याच महिन्यात फ्राऊ, म्हणजे श्रीमती, केसलर आल्या. घरी नीट सेवा होते की नाही हे बघायला या परिचारिका वर्षातून दोनदा येतात. या वेळी नीताने चिवडा केला नाही. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. पुराव्याचं पत्र दत्ताने वाचून दाखवलं, आणि जुन्या फॉर्ममध्ये आपण खोटं लिहिलं होतं हे न अडखळता सांगितलं.

राजाभाऊंनी दत्ताला हाताने थांबवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी उजव्या हाताने आपला शर्ट वर ओढायला सुरुवात केली आणि दत्ताला मागून धरायला सांगितलं. फ्राऊ केसलरना त्यांची उघडी पाठ दिसली.

"मला अंघोळ माझी सून घालते," ते स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले. "चार वर्षं अंथरुणावर आहे. माझ्या पाठीवर एक जखम शोधून दाखवा. नाही सापडली, तर तेवढंच लिहा. पुरावा मी आहे."

फ्राऊ केसलरनी चष्मा लावून पाठ नीट तपासली आणि दोन पानं भरून लिहिलं. त्या अहवालावर निर्णय अजून आलेला नाही. येईल तेव्हा येईल. नीता दर सोमवारी फोन करते आणि संगीत ऐकते. सकाळची अंघोळ आता दत्ता घालतो. त्यासाठी त्याने कामाची वेळ एक तास पुढे ढकलली आहे.

वाचकहो, कायदा बदलायला हवा, आणि त्यासाठी भांडायलाही हवं. पण कायद्याने आपल्या घरातली बाई बघावी असं वाटत असेल, तर ती आधी आपल्याला दिसायला हवी. तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर सेवेच्या कागदावर कुणाचं नाव लिहिलंय ते आजच काढून बघा. आणि ते वाचताना, चहा घेऊन आत-बाहेर करणारीला जरा समोर बसवा.