गोपिकाची हळद

दुकानासमोर ती जीप आजही उभी होती. जीपमधला माणूस कॅसेट मागत नव्हता, भाव विचारत नव्हता. नुसता पान चघळत दुकानाकडे बघत बसला होता.

"अहो, तो पाहा, पुन्हा आला," प्रेमिला नवऱ्याला म्हणाली. "कामठीच्या दुकानावर धाड पडली म्हनते. मशीनीसकट उचलून नेलं."

शालिकराम हसला. हसणारच! कन्हानच्या बाजारात व्हिडिओचं दुकान टाकल्यापासून या माणसाला स्वतःच्या अकलेचं भारी कौतुक. रविवारी टीव्हीवर मालिका लागली की हा ती मशीनवर उतरवून घ्यायचा, तिच्या कॅसेटी करायचा आणि भाड्यानं द्यायचा. खाणीत पाळीवर गेलेले, लाइट गेली म्हणून हळहळलेले, सगळे सोमवारी याच्याच दारात.

"ही चोरी आहे," प्रेमिला कितीदा तरी बोलली होती.

"कायची चोरी वं? टीव्हीवर फुकट दाखवते. मी पाळीवाल्यायले दुसऱ्या दिवशी दाखवतो. कोनाच्या घरातून काय उचललं?"

"ते फुकट दाखवते अन् तुमी भाडं घेता. ज्यानं बनवली त्याले विचारलं काय?"

यावर शालिकराम मशीन पुसायला घ्यायचा.

प्रेमिलाचा जीव अडकला होता तो एकाच कॅसेटीत. गोपिकाच्या लग्नाच्या. लग्नाला वर्ष होत नाही तोच लेक बाळंतपणात गेली. हसती-बोलती गोपिका आता तेवढ्यातच उरली होती. पण ती बघायची हिंमत प्रेमिलाला आजवर झाली नव्हती. आधी मन घट्ट होऊ दे, म्हणत ती टाळत आली होती.

"गोपिकाची कॅसेट मले घरी नेऊ द्या."

"काही नको. तिच्यावरच तर दुकान सुरू आहे."

ते मात्र खरं होतं. धाडवाले कॅसेटीची सुरुवातच तेवढी बघतात, हे शालिकरामनं ऐकलं होतं. म्हणून त्यानं प्रत्येक चोरट्या कॅसेटीच्या तोंडाशी गोपिकाची हळद उतरवली होती. आधी हळद, मग मालिका. खाणीवरची माणसं हळद पळवून पुढचं बघायची. हे कळलं तेव्हा प्रेमिला भरल्या ताटावरून उठली होती. अहो, पोटची पोर ती, दारावर टांगायची लिंबू-मिरची आहे काय?

दुपारी जीपचा दरवाजा उघडला. तो माणूस उतरला, मागून दोन शिपाई.

"या सगळ्या कसल्या कॅसेटी?" त्यानं शांतपणे विचारलं.

"लग्नाच्या साहेब. शूटिंगचा धंदा आहे आपला."

"लावा एखादी. पूर्ण बघू. मला घाई नाही."

शालिकरामचा हात फळीवर इकडून तिकडे फिरत राहिला. प्रेमिलाला राहवलं नाही. काही झालं तरी नवरा होता. सगळ्या खोट्या असल्या तरी एक तर खरी होती! तिनं गल्ल्यावरून गोपिकाची कॅसेट उचलली आणि साहेबाच्या हातात दिली.

"हे लावा साहेब."

"अवं, थांब!" शालिकराम ओरडला. पण शिपायानं कॅसेट मशीनमध्ये सारली होती.

पाटावर गोपिका बसलेली. हसता हसता तिनं आईच्या गालाला हळद फासली. प्रेमिलाचा हात आपसूक गालावर गेला. बाई गं, कशी हसत होती पोर! आता मंडप येईल, मंगळसूत्र येईल, गळ्यात पडून रडणारी गोपिका येईल.

पडदा थरथरला आणि मालिकेची पाटी आली.

"बिदाई कुठं आहे?" प्रेमिलानं विचारलं.

शालिकरामनं मशीन पुसायचं फडकं उचललं.

"अहो, माह्या पोरीची बिदाई कुठं आहे?"

"एका रविवारी कोरी कॅसेट नव्हती वं," शालिकराम पुटपुटला. "तू तर कधी पाहतच नव्हती."

साहेबानं कॅसेट काढून पिशवीत टाकली. प्रेमिलानं पिशवी दोन्ही हातांनी धरली.

"साहेब, हे एवढी राहू द्या. हळद तर आहे ना तिच्यात."

"बाई, हाच तर पुरावा आहे."

"मग यायले घेऊन जा जी," तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "माही पोरगी ठेवा."

साहेबानं दोन्ही नेलं.